दोन आखूड, एक लांब

भोंग्याच्या खोलीची किल्ली मी केळुसकरच्या चहाच्या बशीत टाकली. चहा त्याच्या कागदांवर उडाला. मुद्दामच टाकली होती.

त्याने रुमालाने कागद टिपले आणि वर बघितलं. तिशीतला पोरगा, कोकणातला, आमचं धरण पाडायला सरकारने पाठवलेला इंजिनिअर.

"एवढीच राहिली होती ना?" त्याने विचारलं.

"एवढीच. आता मलाही घ्या आणि भिंतीबरोबर उडवा."

"तुमचं नाव यादीत नाही, सुतार."

तो हसला नाही, मीही हसलो नाही. बारा वर्षं झाली या गोष्टीला, पण त्याचं ते 'यादीत नाही' अजून माझ्या कानात आहे. खडवी नदीवरच्या त्या वीजघरात मी एकतीस वर्षं मशीन चालवलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी क्वार्टर सोडली नव्हती. कुणी सोडा म्हणालंही नव्हतं, हा केळुसकर येईपर्यंत.

धरण संस्थानच्या काळातलं. काळ्या दगडाची बेचाळीस फुटी भिंत, तिच्यापासून डोंगराच्या कडेकडेने आलेला लोखंडी पाइप आणि अर्ध्या मैलावर, खडकाच्या टप्प्यावर आमचं वीजघर. धरण निम्म्याहून जास्त गाळाने भरलं होतं, भिंतीला भेगा गेल्या होत्या, मशीन वर्षातले आठ महिने बंद. हे सगळं खरं होतं आणि मला ठाऊक होतं. पण ते बाहेरच्याने येऊन सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नदी मोकळी करायची, असं सरकारी कागदात लिहिलं होतं. म्हणजे एकतीस वर्षं मी नदीला डांबून ठेवली होती, असंच की नाही?

मी गप्प बसलो नव्हतो. भिंतीच्या मधल्या एका दगडाला रातोरात शेंदूर फासला आणि मजुरांना सांगितलं, हे धरणाचं दैवत, याला हात लावाल तर घरी जाणार नाही. मजूर दोन दिवस कामावर आले नाहीत. मग केळुसकरने माझ्या क्वार्टरबाहेर शेंदराची पुडी शोधून काढली. पुढच्या आठवड्यात मी सांगितलं, भिंतीची डावी बाजू आतून पोकळ आहे, सुरुंग लावाल तर अख्खा डोंगर खाली येईल. त्यांनी तीन दिवस डावी बाजू पोखरून बघितली. भरीव निघाली. तेव्हा केळुसकर मला म्हणाला होता, तिसऱ्यांदा असलं काही केलंत तर थेट ठाण्यात बसवीन. मी म्हणालो, बसवा, तिथे निदान चहा गरम मिळेल.

किल्ली दिली त्या दिवशी त्याने भोंग्याच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला. मी मुद्दाम जवळ जाऊन वाचला. 'दोन आखूड भोंगे: थोड्या वेळात सुरुंग उडणार, सर्वांनी दूर जावे. एक लांब भोंगा: धोका टळला.' खाली शिक्का आणि त्याची सही.

वाचून मला हसू आलं. आमच्याकडे बरोबर उलटं होतं.

इथे जरा थांबून भोंग्याचं सांगायला हवं. मशीन चालू असलं की पाइपाचं पाणी वीजघराखाली नदीत पडायचं आणि नदी भरून वाहायची. मशीन बंद केलं की तासाभरात पात्र उघडं पडायचं आणि खालच्या वळणापलीकडे डबकी उरायची, मासळीने खच्चून भरलेली. तिथे नदीकाठाला भोयांची वस्ती. म्हणून माझ्याही आधीच्या माणसांनी पद्धत पाडली होती. मशीन थांबवलं की दोन आखूड भोंगे द्यायचे: पाणी थांबलंय, या. मशीन सुरू करायच्या पाव तास आधी एक लांब: पाणी येतंय, निघा. दोन आखूड भोंग्यांना वस्तीत 'बोलावणं' म्हणायचे आणि लांब भोंग्याला 'हाकलणं'. बोलावणं झालं की बायका टोपल्या घेऊन उतरायच्या आणि संध्याकाळी वीजघरात भोंग्याचा वाटा म्हणून मासळी यायची. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोणत्या साहेबाने ते लिहिलं असतं?

हे मी केळुसकरला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावलं. शिवाय सुरुंगाचा दिवस ठरलेला होता, गुरुवार. दवंडी झाली होती, वस्तीत कागद वाटले होते, गुरुवारी नदीत उतरू नका म्हणून. मग माझ्या बापाचं काय जात होतं? पडू देत तोंडघशी, असं मनात म्हणून मी क्वार्टरवर येऊन भाकरी खाल्ली.

आणि वस्तीशी तरी माझं काय देणंघेणं उरलं होतं? धरण काढा म्हणून वीस वर्षं अर्ज करणारी तीच वस्ती. प्रत्येक अर्जावर पहिला अंगठा आनसाबाई भोईचा.

आनसाबाई म्हणजे केरबाची बायको. केरबा माझा मित्र. वाटा घेऊन तोच यायचा, माझ्यासोबत पायरीवर बसून विडी ओढायचा. ती मला भावजी म्हणायची. धरण पाडायच्या चोवीस वर्षं आधी एका दुपारी बोलावण्यावर केरबा नदीत उतरला आणि मशीनचं पाणी आलं. तो दोन मैल खाली सापडला. चौकशी झाली. मी जबाब दिला की मशीन सुरू करण्याआधी लांब भोंगा दिला होता. आनसाबाई म्हणाली, हाकलणं झालंच नाही. चौकशीवाले साहेब माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते आणि ती जमिनीवर. 'मयताने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले,' असं लिहिलं गेलं. त्या दिवसापासून मी भावजीचा सुतार झालो आणि वाटा बंद झाला.

वाटा बंद झाला याचा मला राग आला. हो, राग आला. ती गावभर माझं नाव घेत हिंडायची, म्हणून ती नदीत दिसली की मी पाणी सोडायचं नसतानाही लांब भोंगा द्यायचो. बायका टोपल्या टाकून पळायच्या. मी वरून बघायचो. तीन-चार वेळा पळाल्या, मग शहाण्या झाल्या. नदीत हत्तीसारखा एक धोंडा होता, त्याला हत्तीधोंड म्हणायचे. लांब भोंगा झाला की त्या हत्तीधोंडीकडे बघायच्या. तिच्या सोंडेला पाणी लागलं तरच निघायच्या. मशीनचं पाणी हळूहळू चढतं, तेवढी सवड मिळायची. अशी वीस वर्षं गेली. माझा लांब भोंगा त्यांनी ऐकणं सोडूनच दिलं होतं.

तर किल्ली दिल्याच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला मी क्वार्टरच्या ओट्यावर दाढी करत होतो. हवा कोंडलेली होती. घाटमाथ्यावर काळं झालं होतं आणि लांब कुठेतरी गडगडत होतं. पहाटे धरणाचा तळचा दरवाजा गाळाने बुजला होता. पंधरा दिवस त्यातून पाणी सोडून ते धरण रिकामं करत आणत होते. दरवाजा बुजल्यावर खालचं पात्र उघडं पडायला लागलं. ते मला ओट्यावरून दिसत होतंच.

आणि भोंगा झाला. दोन आखूड.

वस्तरा माझ्या हातात तसाच राहिला. आज तर बुधवार.

ओट्याच्या कडेला गेलो की वळणापलीकडची डबकी दिसायची. मी गेलो. वस्तीच्या पायवाटेने बायका उतरत होत्या. पंधरा-सोळा असतील. टोपल्या, मासे धरायची घोळणी जाळी, कमरेला खोचलेले पदर. सगळ्यांच्या पुढे आनसाबाई, काठी टेकत. पाणी ओसरलेलं, भोंगा झालेला. त्यांच्या हिशेबात त्यांना कुणीतरी बोलावलं होतं.

एका गालावर साबण तसाच ठेवून मी पळत सुटलो.

केळुसकर भोंग्याच्या खोलीबाहेर उभा होता, हातात वॉकीटॉकी. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मी म्हणालो, आज कसं काय? तो म्हणाला, वर वीज चमकतेय, सुरुंग भरून झालेत, वीज जवळ आली तर ते आपोआप उडू शकतात, म्हणून आजच. पोलीस पाटलाला फोन केलाय.

"पोलीस पाटील लग्नाला गेलाय. साहेब, नदीत बायका आहेत," मी म्हणालो.

"नाहीत. आत्ताच दोन भोंगे दिलेत."

"म्हणूनच आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "शेंदूर झाला, पोकळ भिंत झाली. आता बायका. सुतार, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

मी त्याचा दंड धरला. त्याने हिसडा दिला, मी सोडला नाही. दोन मजूर माझ्या अंगावर धावून आले. मी ओरडून सांगितलं, बोलावणं काय, हाकलणं काय, सगळं. सांगताना माझं मलाच कळत होतं की हे तिसऱ्या थापेसारखं ऐकू येतंय. शेवटी म्हणालो, पन्नास पावलं चला, ओट्यावरून बघा, खोटं निघालं तर मला सुरुंगाला बांधा.

तो आला. शिव्या देत आला, पण आला. ओट्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, थांबा, कशालाही हात लावू नका. पलीकडून सुरुंगवाल्याचा आवाज आला, साहेब, वीज जवळ येतेय, मी इथे फार वेळ माणसं ठेवू शकत नाही.

"हे तुम्ही किल्ली देताना का नाही सांगितलं?" केळुसकरने विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही."

त्याने हात उचलला होता. मारला असता तर बरं झालं असतं. पण त्याने तो हात खाली घेतला आणि म्हणाला, "लांब भोंगा द्यायला सांगू? लांब म्हणजे निघा, असंच ना?"

मी मान हलवली. भोंगा झाला, लांबलचक. बायकांनी माना वर केल्या. हत्तीधोंडीकडे बघितलं. सोंड कोरडी होती. पुन्हा वाकून त्या मासे गोळा करू लागल्या.

"का हलत नाहीत?" केळुसकर म्हणाला. "अहो, का हलत नाहीत त्या?"

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. मशीनचं पाणी हत्तीधोंडीला हळूहळू लागतं. भिंत फुटल्यावर येणारं पाणी धोंडीसकट घेऊन जाणार होतं. मी नदीकडच्या पायऱ्यांनी उतरायला लागलो. नव्वद पायऱ्या. गुडघा दुखरा, त्यात घाईत पायातली चप्पल गेली. मागून केळुसकर ओरडला, वीस मिनिटं, जास्त नाही. त्याने एक मजूर माझ्यामागे पाठवला, पण तो पहिल्याच वळणावर मागे राहिला. विजेला घाबरला असेल. मला त्याचा राग आला नाही, तेवढी उसंतच नव्हती.

पात्रात चिखल होता. वास येत होता. डबक्यात मासळी तडफडत होती आणि बायका हसत-बोलत टोपल्या भरत होत्या. मला बघितल्यावर सगळ्या गप्प झाल्या. चोवीस वर्षांत मी त्या डबक्यांवर उतरलो नव्हतो.

"वर चला. भिंत उडवतायत. आत्ता," मी म्हणालो.

कुणी हललं नाही. त्या आनसाबाईकडे बघायला लागल्या. ती एका दगडावर बसून टोपलीतली मासळी निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"भिंत उद्या उडनार हाय. कागद आलाय आमास्नी."

"दिवस बदलला. वर वीज आहे म्हणून आज करतायत."

"आनि त्ये सांगायला तूच गावलास व्हय, सुतारा?"

मागच्या एका बाईने काहीतरी म्हटलं आणि दोघी-तिघी हसल्या. आनसाबाई हसली नाही.

"एवढी मासळी इस वर्सांत बगितली न्हाई," ती म्हणाली. "ती आमाला मिळू नये म्हनून आलायस. वरनं भोंगा वाजवून झाला, आमी हललो न्हाई, म्हनून पायानं आलास. जा वर. तुज्या पान्याला आमी धोंडीवर बगतो."

"वैनी, या पाण्याला धोंड पुरायची नाही."

'वैनी' म्हटल्यावर तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी काय म्हणू? ती माझ्याकडे बघून थुंकली. मासळीच्या टोपलीच्या पलीकडे, नीट, काळजीपूर्वक थुंकली.

"त्या तोंडानं वैनी म्हनू नगंस," ती म्हणाली. "तुजा भोंगा खोटा, तुजा जबाब खोटा. तुज्या शब्दावर मी ह्या पोरींस्नी चिकलातनं वर न्यू? कशापाय?"

घाटावर वीज चमकली. मी मोजायला लागलो, आवाज यायला किती लागतो ते. फार मोजावं लागलं नाही. मला वर वीजघराचा टप्पा दिसत होता आणि त्यावर केळुसकर, हाताने काहीतरी खुणा करत. त्या बायकांना ओढून नेऊ म्हटलं तर सोळाजणी. हात जोडू म्हटलं तर माझ्या हात जोडण्याची तिथे काय पत? मला एकच गोष्ट सुचली. ती माझ्याकडे चोवीस वर्षं होती आणि ती खरी होती.

"त्या दिवशी हाकलणं झालं नाही," मी म्हणालो.

ती तशीच बसून राहिली. हातातला मासा हातातच होता.

"मी भोंगा दिलाच नव्हता. फोन आला, मशीन लगेच सुरू करा म्हणून. मशीनच्या खोलीपासून भोंग्याच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं. दुपारचं ऊन होतं, फरशी तापलेली. मी जेवायला बसलो होतो, चपला मागच्या दाराबाहेर होत्या. मला कंटाळा आला. वाटलं, एवढ्या उन्हात नदीत कोण असणार. मी मशीन सुरू करायचा दांडा फिरवला."

 डबक्यात मासे उलटेपालटे होत होते तेवढाच आवाज.

"जबाब खोटा दिला," मी म्हणालो. "नोकरी गेली असती म्हणून दिला. तू खरं बोलत होतीस. केरबाने दुर्लक्ष केलं नाही, त्याला ऐकायला काही नव्हतंच. आज मी खोटं बोलत असतो तर हे कशाला सांगितलं असतं?"

आनसाबाईने हातातला मासा टोपलीत ठेवला. मग टोपली उचलली, दोन्ही हातांनी, आणि सगळी मासळी डबक्यात परत ओतली.

"चला गं," ती म्हणाली. "भिंत आजच हाय."

एका तरण्या बाईने विचारलं, टोपल्या घेऊ का? आनसाबाईने तिच्या हातातली टोपली काढून फेकली. त्या सगळ्या चिखलातून काठाकडे निघाल्या. आनसाबाई सगळ्यात मागे. मी तिला हात द्यायला गेलो. तिने काठीने माझा हात बाजूला केला, माशी हाकलावी तसा. काठावर चढताना ती दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा स्वतःच उठली. मी तिच्या मागे चार हात अंतर ठेवून चालत होतो.

वस्तीच्या वरच्या माळावर आम्ही पोचलो आणि मी गळ्यातला दाढीचा पंचा काढून केळुसकरला दाखवला. त्याने दोनदा हात हलवला. आवाज आधी पायांत आला, मग कानात. वळणाच्या वर धूर उठला. मग पाणी आलं. ते पाणी नव्हतंच, गाळ होता, काळाकुट्ट, झाडांच्या बुंध्यांसकट. हत्तीधोंडीच्या सोंडेला आधी लागलं की पाठीला, ते दिसलंच नाही. एका क्षणात धोंड नव्हती. जिथे टोपल्या पडल्या होत्या तिथे वीस फूट गाळ वाहत होता.

बायकांत कुणी रडलं, कुणी देवाचं नाव घेतलं. आनसाबाई नदीकडे बघत होती. तिने धरण काढा म्हणून वीस वर्षं अंगठे दिले होते आणि ते तिच्या डोळ्यांदेखत निघालं होतं.  माझ्याकडे तिने बघितलं नाही.

केळुसकरने नंतर माझ्याविरुद्ध अर्ज दिला नाही. का दिला नाही ते मी विचारलं नाही. जायच्या दिवशी तो फक्त म्हणाला, भोंग्याचं सगळं लिहून ठेवलंय, पुढच्या धरणाला उपयोगी पडेल. मी म्हणालो, पुढच्या धरणाचा भोंगा वेगळा असेल, तिथल्यांना विचारा. तो पहिल्यांदा मान डोलावून गेला.

मी ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला. हवालदाराने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, जुनी फाइल वाळवीने खाल्ली, हा आता कशाला जोडू? मी म्हणालो, ठेवा. कुठेतरी ठेवा. गावात बातमी त्याच दिवशी पसरली होती. किराणा दुकानात मी गेलो की बोलणं थांबायचं. नळावर वस्तीतल्या बाया माझी घागर असेल तर ती सरकवून स्वतःची लावायच्या. मी माझी पाळी येईपर्यंत बाजूला थांबायचो. 

जूनच्या आधी वीजघरही पाडायचं ठरलं. मशीन भंगारात गेलं होतं, भोंगा काढून नेला होता, दारं-खिडक्या निघाल्या होत्या. त्या पाडापाडीच्या आदल्या दुपारी मी माझं सामान बांधत होतो. ऊन मी म्हणत होतं. काठीचा आवाज आला म्हणून बाहेर बघितलं तर आनसाबाई नव्वद पायऱ्या चढून आली होती. एकटी.

ती मशीनच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आतल्या रिकाम्या चौथऱ्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, "तू कुटं बसला हुतास जेवायला?"

मी जागा दाखवली. ती तिथे गेली. पायातल्या चपला काढल्या आणि दाराबाहेर ठेवल्या. मी म्हणालो, फरशी तापलीय. तिने ऐकलं नाही.

ती चालायला लागली. काठी टेकत, एकेक पाऊल, मोजल्यासारखे ओठ हलत होते. अंगणातली फरशी पार तापली होती, मला चपलेतूनही कळत होतं. ती मध्ये कुठे थांबली नाही. भोंग्याच्या खोलीला दार नव्हतं, भोंग्याच्या जागी भिंतीला नुसतं भोक होतं. तिने त्या भोकाच्या कडेला हात लावला आणि तशीच वळून परत आली. चपला घातल्या. तिचे तळवे लाल झाले होते.

"एवढीच?" तिने विचारलं.

मी मान खाली घातली. "एवढीच," मी म्हणालो.

ती पायऱ्या उतरून गेली. खाली नदी वाहत होती, मोकळी. नदीचा आवाज एवढ्या वरपर्यंत येतो हे मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं.